भरलेली गाडी, चढणीचा रस्ता आणि इंजिनाचे ट्यूनिंग

सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन धावणाऱ्या एसयूव्हीचे इंजिन ट्यून करावे का, असे विचारणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा शर्यत नसते. पुढचा ट्रक ओलांडताना गाडीने रेंगाळू नये आणि चढणीवर प्रत्येक वळणानंतर गिअर खाली आणावा लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. मी माझ्या डिझेल एसयूव्हीचे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप करून घेतले, म्हणजे त्यातले सॉफ्टवेअर बदलून घेतले, ते याच कारणासाठी. त्याआधी आणि त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, त्यातून माझे ठाम मत झाले आहे की कुटुंबाच्या गाडीचे ट्यूनिंग कमाल अश्वशक्तीच्या आकड्यावरून जोखू नये. वाढलेली ताकद कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) हाताशी येते आणि इंजिन, टर्बो व गिअरबॉक्स ती किती वेळ सोसू शकतात, या दोन गोष्टींवरून ते जोखावे.

आधी थोडा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून २,२०० किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटरवरून १०० वर न्यायची, तर तिच्या गतिज ऊर्जेत सुमारे ५४३ किलोज्यूलची भर घालावी लागते. हवेचा रोध आणि टायरचे घर्षण यांचा वाटा वजा जाता वेग वाढवण्यासाठी सरासरी ६० किलोवॉट शक्ती उरत असेल, तर सपाट रस्त्यावर या कामाला नऊ सेकंद लागतात. ट्यूनिंगमुळे ही उरलेली शक्ती ७२ किलोवॉट झाली, तर तेच काम साडेसात सेकंदांत होते. दीड सेकंद वाचला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या मार्गिकेत आपण साधारण तीस-पस्तीस मीटर कमी राहिलो. हा फायदा लहान नाही, पण डोळ्यांत भरण्याइतका मोठाही नाही.

आता हीच गाडी सहा टक्के चढणीवर घ्या. ताशी ८० च्या आसपासच्या वेगात नुसती चढण चढण्यासाठीच सुमारे २९ किलोवॉट खर्च होतात, आणि वेग वाढवण्यासाठी पहिल्या गाडीकडे ३१, तर ट्यून केलेल्या गाडीकडे ४३ किलोवॉट उरतात. ताशी ६० ते १०० हा वेगाचा टप्पा पहिली गाडी साडेसतरा सेकंदांत कापते आणि दुसरी साडेबारा सेकंदांत. वाढ तीच, बारा किलोवॉटची. सपाटीवर तिने दीड सेकंद वाचवला, चढणीवर पाच सेकंद. भरलेल्या गाडीने चढावर ओव्हरटेक करताना ट्यूनिंगचा जो आधार वाटतो, त्याचे कारण या वजाबाकीत आहे, आणि माझ्या मते कौटुंबिक गाडीच्या ट्यूनिंगचे सर्वांत सबळ समर्थनही हेच आहे.

गाडीच्या माहितीपत्रकात कमाल टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि कमाल शक्ती असे दोन आकडे छापलेले असतात आणि ट्यूनरही बहुधा तेच दोन आकडे वाढवून दाखवतो. प्रत्यक्षात आपण गाडी चालवतो ती त्या दोन आकड्यांच्या मधल्या आलेखावर. फियाटचे १,९५६ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन घेऊ. २०१९ मध्ये टाटा हॅरिअर आली तेव्हा या इंजिनाची शक्ती १४० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती आणि पुढच्याच वर्षी ती १७० पीएस झाली. कमाल टॉर्क मात्र दोन्ही वेळा १,७५० ते २,५०० आरपीएमच्या पट्ट्यात ३५० न्यूटन-मीटरच राहिला, आणि कमाल शक्तीही दोन्ही वेळा ३,७५० आरपीएमलाच मिळत होती. टॉर्कला आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात. हे सूत्र उलटे लावले तर ३,७५० आरपीएमला आधीच्या गाडीचा टॉर्क सुमारे २६२ न्यूटन-मीटर आणि नंतरच्या गाडीचा सुमारे ३१८ न्यूटन-मीटर निघतो. म्हणजे तळाचा जोर होता तेवढाच राहिला. २,५०० च्या पुढे जो टॉर्क लवकर ओसरत होता, तो टिकून राहू लागला.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण स्वस्तातले ट्यूनिंग बहुधा याच्या नेमके उलट करते. १,६०० ते २,००० आरपीएमला टॉर्क एकदम उसळवला की चालवणाऱ्याला पाठीत धक्का जाणवतो, पिकअप वाढल्याची खात्री पटते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. परंतु त्या आरपीएमला प्रत्येक ज्वलनासाठी पिस्टनला वेळ जास्त मिळतो, सिलिंडरमधला दाब सर्वाधिक असतो आणि तो सारा दाब कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ड्युअल मास फ्लायव्हील आणि क्लच यांच्यावर येतो. तीच शक्ती ३,००० आरपीएमच्या पुढे, थोड्या कमी टॉर्कने पण जास्त फेऱ्यांनी काढली, तर या भागांवरचा ताण बराच कमी राहतो. मी ट्यूनरला सांगितले होते की तळाला टॉर्क हळूहळू चढू दे, कमाल आकडा थोडाच वाढव, आणि पुढे तो जितका टिकवता येईल तितका टिकव. त्याने आधी देऊ केलेल्या वाढीपैकी साधारण निम्मीच मी घेतली, आणि चढणीवर हवे होते ते सारे त्या निम्म्यातच मिळाले.

कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनात मुळात ही राखीव ताकद ठेवलेली का असते, हे समजल्याशिवाय ती किती वापरावी हे ठरवता येत नाही. उत्पादकाला तेच इंजिन हलक्या प्रतीच्या इंधनावर, कडक उन्हात, विरळ हवेत आणि सर्व्हिसिंगकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाच्या हातीही चालवून दाखवायचे असते. उत्सर्जनाच्या मर्यादा केवळ नव्या गाडीत पाळून भागत नाही, गाडीचे आयुष्य सरत जाते तसतशाही त्या पाळाव्या लागतात. गिअरबॉक्सची क्षमता ठरलेली असते. शिवाय एकच इंजिन दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांत निरनिराळ्या शक्तीला विकायचे असते. ट्यूनर जी ताकद काढतो ती यांपैकी कोणत्या तरी कप्प्यातून उचललेली असते. शेवटच्या कप्प्यातून उचलली तर नुकसान जवळपास नाही. गिअरबॉक्सच्या किंवा उष्णतेच्या कप्प्यातून उचलली तर त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. तथापि, त्याच इंजिनाची अधिक शक्तीची आवृत्ती बाजारात आहे एवढ्यावर विसंबू नये. अनेकदा त्या आवृत्तीत टर्बो, इंजेक्टर किंवा पिस्टनही वेगळे बसवलेले असतात, त्यामुळे सुट्या भागांचे क्रमांक ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

आता ईसीयूच्या आत काय बदलले जाते ते पाहू. आधुनिक डिझेल गाडीत ॲक्सिलरेटरचे पेडल इंधनाशी थेट जोडलेले नसते. पेडल दाबणे म्हणजे ईसीयूकडे टॉर्कची मागणी नोंदवणे. या मागणीच्या वाटेवर अनेक मर्यादा उभ्या असतात: गिअरनुसार टॉर्कची मर्यादा, धूर रोखणारी हवा-इंधनाची मर्यादा, बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) मर्यादा, रेलमधल्या (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतल्या) दाबाची मर्यादा, एक्झॉस्टच्या तापमानाची मर्यादा, इंजिन ऑइल व कूलंट तापल्यावर लागू होणारी मर्यादा. ज्या क्षणी जी मर्यादा सर्वांत कमी आकडा सांगते, तिचेच चालते. चांगला ट्यूनर या सगळ्यांचा परस्परसंबंध सांभाळून त्यांना एकत्र थोडेसे वर नेतो आणि तापमानाच्या मर्यादांना हातही लावत नाही. वाईट ट्यूनर इंधनाच्या तक्त्यात सरसकट टक्केवारी वाढवतो आणि आड येणाऱ्या मर्यादा आकाशाला भिडवून ठेवतो. दोन्ही गाड्या पहिल्या दिवशी सारख्याच जोरात धावतात. फरक उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, लांब चढणीवर दिसतो.

डिझेलमध्ये इंधन वाढवणे सोपे असते, हवा वाढवणे अवघड. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली पहिली प्रवासी गाडी आली; त्या पहिल्या पिढीत रेलमधला दाब १,३५० बारपर्यंत जात असे, आणि आज २,००० बारच्या वरचा दाब सर्वसामान्य झाला आहे. इंजेक्टर अधिक इंधन देऊ शकतात यात शंका नाही. परंतु एक किलो डिझेल जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते आणि काळा धूर टाळायचा असेल तर त्याहून वीस-तीस टक्के अधिक. ती हवा टर्बोने पुरवायची आणि इंटरकूलरने थंड करायची. इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा ६० अंशांऐवजी ५० अंश सेल्सिअस असली, तर तेवढ्याच दाबाला तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी जास्त भरते. म्हणून गरम प्रदेशात चांगला इंटरकूलर आणि त्याच्यापर्यंत हवा पोहोचवणारी न गळणारी नळी यांचा उपयोग, जाहिरात होणाऱ्या एअर फिल्टरपेक्षा कितीतरी अधिक असतो. तेल लावलेले कापडी फिल्टर मी कुटुंबाच्या गाडीत बसवणार नाही. मूळचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो क्वचितच अडसर ठरतो, आणि धूळ अडवण्याचे त्याचे काम अधिक मोलाचे आहे.

उंचीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते. तोच बूस्ट राखायला टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून मूळ सॉफ्टवेअर वातावरणाचा दाब पाहून उंचीवर बूस्टची मागणी कमी करते. ही दुरुस्ती काढून टाकलेली फाइल (ट्यूनर ईसीयूत चढवतो ते बदललेले सॉफ्टवेअर) सपाटीवर निर्दोष वाटते आणि डोंगरात टर्बोच्या बेअरिंगवर उठते. फाइल घेण्यापूर्वी ट्यूनरला हा एक प्रश्न आवर्जून विचारावा. उत्तर देताना तो अडखळला तर त्याच्या कामाची पातळी लगेच कळते.

उष्णतेबाबत तडजोड नको. टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्टचे तापमान दीर्घकाळ किती चालेल, याची मर्यादा प्रवासी डिझेल गाड्यांत साधारणतः ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास धरली जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या बराच आधी बळ गमावू लागतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या तेलाच्या फवाऱ्यामुळे आणि ज्वलनाचा काळ क्षणभराचा असल्यामुळे. दहा सेकंदांच्या ओव्हरटेकमध्ये जे तापमान निभावते, ते भरलेल्या गाडीने वीस मिनिटे चढण चढताना निभावेलच असे नाही. शर्यतीची गाडी आणि कुटुंबाची गाडी यांच्यात या बाबतीत एक फरक सहसा लक्षात घेतला जात नाही: सात माणसांची गाडी चढणीवर पूर्ण भाराखाली सलग राहते, आणि म्हणून तिची फाइल उलट अधिक सांभाळून लिहायला हवी.

गिअरबॉक्सची मर्यादा बहुधा इंजिनाच्या आधी येते. झेडएफच्या आठ गिअरच्या ८एचपी७० या गिअरबॉक्सच्या नावातच ७०० न्यूटन-मीटरची क्षमता दडलेली आहे, आणि त्यामुळे ज्या एसयूव्हीत तो आहे तिथे पुष्कळ वाव असतो. याउलट फोक्सवॅगन समूहाच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि सहा गिअरच्या, ओल्या क्लचच्या डीक्यू२५० ची ३५०. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरला कमी आरपीएमवर पेडल पूर्ण दाबले असता आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असे दिसले तर क्लच घसरतो आहे हे समजावे. त्यानंतर फाइल सौम्य करावी किंवा क्लच बदलावा.

ट्यूनिंग बॉक्स या लोकप्रिय उपकरणाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे आणि त्याचे कारण याच ठिकाणी आहे. साधा बॉक्स रेलच्या दाबाचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसून प्रत्यक्षापेक्षा कमी दाब कळवतो. दाब कमी पडतो आहे असे समजून ईसीयू तो वाढवते आणि त्याच वेळात जास्त इंधन सिलिंडरमध्ये जाते. आपण किती इंधन दिले हे ईसीयूलाच ठाऊक नसल्यामुळे धुराची मर्यादा आणि टॉर्कचा अंदाज दोन्ही चुकतात, आणि मीटरवर दिसणारे मायलेजही प्रत्यक्षाहून चांगले दिसते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्या क्लचवरचा दाब ठरवतो तो ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून. टॉर्क कमी कळवला गेला तर क्लच हलक्या हाताने धरले जातात आणि घसरतात. बॉक्स काढून ठेवता येतो ही सोय आहे, यात वाद नाही, परंतु तो गाडीला चुकीची माहिती देऊन चालतो. पेडल बॉक्स तर शक्ती वाढवतच नाही. थोडे दाबलेले पेडल तो जास्त दाबल्यासारखे कळवतो, एवढेच.

पेट्रोल गाड्यांविषयी थोडक्यात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसत्या सॉफ्टवेअरने जे मिळते ते इतके थोडे असते, की त्यासाठी खर्च करू नये. टर्बो पेट्रोलमध्ये वाव आहे, पण तिथे इंधनाचा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) हीच खरी सीमा असते, आणि लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त भार दिला की ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो, ज्याने पिस्टन फुटू शकतो. मे २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या मानकात या दोषाविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे. ट्यून केलेल्या अशा इंजिनात त्याहून जुन्या मानकाचे ऑइल वापरू नये.

काम कसे तपासावे, यावर मी सर्वांत जास्त भर देईन. ट्यूनिंगच्या आधी गाडी निरोगी आहे का ते पाहण्यासाठी लॉग (गाडी चालत असताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घ्यावा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेलचा दाब, आत येणाऱ्या हवेचे वजन आणि तापमान, एक्झॉस्टचे तापमान, डीपीएफमधील (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधील) काजळी. मूळ फाइलवरच मिळालेला बूस्ट मागणीच्या मागे पडत असेल, तर नळी कुठेतरी गळते आहे किंवा टर्बोच्या पाकळ्या अडकल्या आहेत, आणि अशा गाडीवर फाइल चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. ट्यूनिंगनंतर तोच रस्ता, तोच गिअर, साधारण तेच हवामान आणि तेवढेच वजन ठेवून पुन्हा लॉग घ्यावा. डायनोचा (चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागदही अवश्य घ्यावा, पण आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी. नुसता नंतरचा कागद काहीही सिद्ध करत नाही, कारण चाकांवर मोजलेल्या आकड्यावरून इंजिनाचा आकडा काढताना वापरलेला गुणक प्रत्येक यंत्रावर निराळा असू शकतो. माझ्या गाडीच्या दोन्ही लॉगमध्ये मला सर्वांत समाधान देणारी रेघ शक्तीची नव्हती. चढणीच्या शेवटी एक्झॉस्टचे तापमान आधीच्या लॉगपेक्षा थोडेच वर जाऊन स्थिरावले होते, ती रेघ होती.

डीपीएफ काढून टाकण्याचा आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करण्याचा प्रस्ताव अनेक ठिकाणी सवलतीसारखा पुढे केला जातो. तो मी साफ नाकारला आणि इतरांनीही नाकारावा असे मला मनापासून वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांत त्या देशात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची उत्सर्जन नियंत्रक यंत्रणा काढून टाकलेली होती. त्या गाड्यांमागे चालणाऱ्या प्रत्येकाच्या फुप्फुसात ती काजळी जाते, आपल्या मुलांच्याही. सौम्य फाइलला डीपीएफ अडसर ठरत नाही. फाइलमुळे धूर वाढला असेल तर ते डीपीएफ लवकर लवकर भरण्यावरून कळते, म्हणजे तो उलट चांगला निरीक्षक आहे. सुमारे ६०० अंशांना काजळी जाळून टाकण्याची त्याची फेरी पूर्वीपेक्षा बरीच वरचेवर होऊ लागली, तर ट्यूनरकडे परत जावे. इंजिन ऑइल डीपीएफला चालणारे, कमी राख सोडणारे घ्यावे आणि ते कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधी बदलावे.

ब्रेककडे बहुतेकांचे लक्ष उशिरा जाते. ताशी १०० वेगाला गाडीत जेवढी ऊर्जा असते, त्याहून ताशी १२० ला ४४ टक्के जास्त असते, आणि जोरदार गाडी नकळत त्या वेगाला जाते. डीओटी ४ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. चढणीनंतर उतार येतोच, म्हणून ट्यूनिंगच्या खर्चात ताजे फ्लुइड आणि चांगले पॅड धरूनच अंदाजपत्रक करावे. टायर गाडीच्या मूळ लोड इंडेक्सपेक्षा (टायर पेलू शकणाऱ्या वजनाच्या क्रमांकापेक्षा) कमी क्षमतेचे कधीही बसवू नयेत.

वॉरंटी आणि विमा यांबाबत सरळ वागावे. ईसीयूची फाइल बदलली आहे हे कंपनीच्या यंत्रणेला अनेकदा ओळखता येते; मूळ फाइल परत चढवली तरी फ्लॅशची (सॉफ्टवेअर चढवल्याची) नोंद राहू शकते, आणि फोक्सवॅगन समूहात तर अशा गाडीवर टीडी१ ही खूण लागते. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, आपल्या देशाच्या वाहन नियमांत तो बसतो का हे आधी पाहावे, आणि यांपैकी काही जमत नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबावे. मी थांबलो होतो.

एक व्यावहारिक बाब राहिली. ईसीयूमधून वाचून काढलेली मूळ फाइल ट्यूनरकडून मागून स्वतःजवळ ठेवावी, तिच्यासोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी, आणि सर्व्हिसला गाडी देताना ईसीयूचे सॉफ्टवेअर न विचारता अपडेट करू नये असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे. अपडेट झाले तर ट्यून पुसली जाते. अशा वेळी जुनी ट्यून तशीच परत चढवणे योग्य नाही. नव्या आवृत्तीची फाइल वाचून घेऊन बदल तिच्यावर नव्याने करावे लागतात, आणि त्यानंतर लॉगही पुन्हा घ्यावा लागतो.